विरंगुळा आणि थांबा

कंटाळा आणि आळस यांत आपण पुष्कळदा गल्लत करतो. दोन तास गणिते सोडवून उठलेला मुलगा फोन हाती घेतो, तेव्हा त्याला अभ्यास टाळायचा असतोच असे नाही. शिणलेल्या मनाला उसंत हवी असते. ती त्याला तेथे मिळते का, हा खरा प्रश्न आहे.

२०१४ साली गाब्रिएले चिरुली या १९ वर्षांच्या इटालियन तरुणाने '२०४८' हा खेळ आंतरजालावर विनामूल्य खुला केला. १६ घरांचा चौरस पट. साऱ्या सोंगट्या एका दिशेला सरकवायच्या. सारख्या अंकांच्या दोन सोंगट्या भिडल्या की त्यांची एक होते. दोन-दोनाचे चार, चार-चाराचे आठ. असे करत दोनाच्या अकराव्या घातापर्यंत, म्हणजे २०४८ पर्यंत पोहोचायचे. दोनाचे घात किती झपाट्याने वाढतात, हे फळ्यापेक्षा या पटावर लवकर उमगते, हे आम्हा शिक्षकांना कबूल केले पाहिजे. पट भरला आणि जुळणारी जोडी उरली नाही की डाव संपतो. नवा डाव मांडण्याचे बटण असतेच. पण ते दाबावे लागते.

जॉश वॉर्डल यांचा २०२१ मध्ये सर्वांसाठी खुला झालेला 'वर्डल' त्याहून काटेकोर. पाच इंग्रजी अक्षरांचा शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. सर्वांना तोच शब्द, आणि दिवसाला एकच. दूरच्या शहरातील भाऊ व गावाकडची बहीण रात्री एकमेकांना विचारू शकतात, "तुला कितव्या प्रयत्नात आला?" क्रोम ब्राउझरमधला डायनासोर तर इंटरनेट गेले की भेटीस येतो, निवडुंगाला धडकला की डाव आटोपला.

अखंड सरकत राहणाऱ्या चित्रफितींचे तसे नाही. पूर्वी एक पान संपले की पुढच्या पानासाठी बटण दाबावे लागे. त्या क्षणी "पुरे" म्हणायला वाव असे. २००६ साली एझा रास्किन यांनी न संपणाऱ्या पानाची रचना केली आणि तो थांबाच गेला. पुढे त्यांनी स्वतःच याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. तेव्हा रात्री उशिरापर्यंत फोनमध्ये हरवलेल्या मुलावर रागावण्यापूर्वी, त्याच्या हातातील वस्तूला शेवट आहे का, हेही पाहिले पाहिजे.

वसतिगृहात रात्री घंटा होते व दिवे मालवले जातात. सुटीत घरी ती घंटा नसते. फोन देताना पालकांनी "किती वेळ?" याबरोबरच "डाव कधी संपतो?" असेही विचारून पाहावे. मूल खेळ दाखवू लागले, तर शेजारी बसून एखादा डाव आपणही हरावा.