चीवर उतरविल्यानंतर



निरगुडसरसारख्या गावी आपल्या वस्तीत भिक्खू आले की आपण आदराने भोजनदान देतो. तेच पुढे चीवर उतरवून गृहस्थ झाले, तर? लगेच कुजबूज सुरू होते : "पळून आला." हे बोलणे विनयाला धरून नाही. समजणाऱ्या माणसासमोर स्पष्ट शब्दांत शिक्षेचा त्याग सांगितला की भिक्खू गृहस्थ होतो. त्यात दोष नाही. शिवाय विनयाने भिक्खूला सोने-रुपे घेण्याची मनाई आहे. म्हणजे नियम चोख पाळणारा बाहेर पडतो तो रिकाम्या हातानेच!

धर्मानंद कोसंबी गोव्यातील साखवाळचे. १९०२ साली ते श्रीलंकेत भिक्खू झाले, पुढे चीवर सोडून संसारात परतले. कलकत्त्याची पालीची अध्यापकी सोडून त्यांना महाराष्ट्रात काम करायचे होते. तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा ५० रुपये देऊ केले. महाराष्ट्रात राहून लेखन करावे, एवढीच अपेक्षा. नंतर फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकविली.

आपल्यापाशी महाराज नाहीत. पण शेजारच्या जुन्नरच्या लेण्यांतला एक लेख सांगतो, की धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिले. एकट्याने नव्हे, श्रेणीने! विहाराच्या पेटीतून दोन जोडी कपडे, तीन महिन्यांचे धान्य, निजायला खोली, एवढे वस्तीला जड नाही. रेशनकार्डाच्या कामी कोणी तरी सोबत जावे. पाली येत असेल तर मुलांचा वर्ग द्यावा आणि मानधन आधीच ठरवावे. "तुम्ही तर त्यागी" म्हणून फुकट राबवू नये.