मलबार प्रिन्सेस आणि एक उलटा भागाकार

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे माझं मराठी घरी बोलून जेवढं आलं तेवढंच. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. आकड्यांच्या चुका मात्र अजिबात पोटात घालू नका, कारण हा लेख अशाच एका चुकीबद्दल आहे.

सेकंड इयरच्या सुट्टीपासून मी माझ्या कॉम्प्युटरवर एक विमान बनवत होते. फ्लाइटगिअर नावाचा एक फ्लाइट सिम्युलेटर आहे. तो फुकट मिळतो, ओपन सोर्स आहे आणि त्यात कोणीही स्वतः बनवलेलं विमान घालू शकतं. अशा विमानाला ॲड-ऑन म्हणतात. माझ्या रूममेटने पहिल्याच दिवशी विचारलं, “याला मार्क किती?” मी म्हटलं, शून्य. “मग अभ्यास कर,” असं म्हणून ती झोपली. पण खरं सांगते, फ्लुइड मेकॅनिक्स मला वर्गात जेवढं समजलं नाही तेवढं या शून्य मार्कांच्या विमानाने समजावलं.

विमान कोणतं?

८ जून १९४८ रोजी मुंबईहून एक विमान निघालं आणि कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत १० जूनला लंडनला पोचलं. एअर इंडिया इंटरनॅशनलचं ते पहिलं आंतरराष्ट्रीय उड्डाण. प्रवाशांत खुद्द जे. आर. डी. टाटा होते. विमानाचं नाव ‘मलबार प्रिन्सेस’, जात लॉकहीड कॉन्स्टेलेशन ७४९. पुढे ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच विमान जिनिव्हाकडे जाताना आल्प्समधल्या माँ ब्लांवर आदळलं आणि आतले सर्व ४८ जण गेले. म्हणजे ते उडालं जेमतेम अडीच वर्षं. मला ते पुन्हा उडवायचं होतं, निदान स्क्रीनवर.

कॉन्स्टेलेशनचा फोटो एकदा पाहिला की विसरत नाही. चार इंजिनं, मागे एकाऐवजी तीन शेपट्या आणि धड सरळ नळीसारखं नाही, तर माशासारखं वळलेलं. तीन शेपट्या नटण्यासाठी नव्हत्या. एकच मोठी शेपटी लावली असती तर ती त्या काळच्या हँगरमध्ये मावली नसती, म्हणून तीन बुटक्या लावल्या. धडाच्या वळणामागेही कारण आहे. पंखे सुमारे १५ फूट व्यासाचे. ते जमिनीला लागू नयेत म्हणून विमान उंच उभं करायला हवं, पण नाकाखालचा पाय फार लांब केला तर तो नाजूक होतो. म्हणून नाकच थोडं खाली वाकवलं. डिझाइनमध्ये सुंदर दिसणारी गोष्ट बऱ्याचदा कुठल्या तरी अडचणीतून निघालेली असते, हा माझा पहिला धडा.

सांगाडा

बाहेरचं रूप ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये बनवतात. विमानाची बाजूची, वरची आणि समोरची अशी तीन चित्रं घ्यायची, एका मापात आणायची आणि त्यांच्या आधाराने पृष्ठभाग उभा करायचा. म्हणजे फर्स्ट इयरचं ईडीच! ज्यांची ईडीत केटी आहे त्यांनी हे जरूर करून बघावं. या विमानाच्या धडाचा छेद गोल, पण वर्तुळाचा व्यास आणि केंद्र दोन्ही जागोजागी बदलत जातात. त्यामुळे एक तुकडा कॉपी करून पुढे चिकटवता येत नाही. कारखान्यातल्या लोकांचाही याच कारणाने घाम निघाला असणार.

दोन महिन्यांत रूप तयार झालं. लाल पट्टा, नाव, खिडक्या, सगळं. मजल्यावरच्या मुली बघून गेल्या. कौतुक झालं. पण ते विमान नव्हतं, पुतळा होता.

विमान उडतं ते आकड्यांवर

सिम्युलेटरला तुमचं चित्र दिसत नाही. विमान कसं उडेल हे एका वेगळ्या फाइलमधले आकडे ठरवतात. माझ्या विमानासाठी मी जेएसबीसिम हे गणित करणारं इंजिन वापरलं. ते सेकंदाला १२० वेळा विमानावरचे सगळे बल आणि मोमेंट काढतं, त्यावरून त्वरण, त्यावरून वेग, त्यावरून जागा. न्यूटनचा दुसरा नियम, बस्स. पण त्याला आकडे आपण पुरवायचे: वजन, गुरुत्वमध्य, पंखांचं क्षेत्रफळ, कोनाप्रमाणे बदलणारा लिफ्ट कोएफिशंट, ड्रॅग, इंजिन, पंखा. तेही फूट, पाउंड आणि स्लगमध्ये. एक स्लग म्हणजे सुमारे १४.६ किलो. मला तोपर्यंत स्लग म्हणजे बागेतली शंख नसलेली गोगलगाय एवढंच ठाऊक होतं!

आता एक छोटं गणित करूया. ७४९ए या प्रकाराचं जास्तीत जास्त वजन १,०७,००० पाउंड, म्हणजे सुमारे ४८,५०० किलो. बल धरलं तर अंदाजे ४,७६,००० न्यूटन. पंखांचं क्षेत्रफळ १५३ चौरस मीटर. समजा सेकंदाला ६० मीटर वेगाने विमान उचलायचं आहे. अर्धा गुणिले हवेची घनता १.२२५ गुणिले वेगाचा वर्ग म्हणजे २२०५. त्याला क्षेत्रफळाने गुणलं की सुमारे ३,३७,०००. वजनाला याने भागा. लिफ्ट कोएफिशंट येतो १.४. फ्लॅप्स थोडे खाली काढले तर हा आकडा शक्य आहे. म्हणजे विमान उडायला हवं.

माझं उडेना.

तीन थापा

चारही थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलले तरी विमान बैलगाडीसारखं चाललं होतं. धावपट्टी संपली, मागे पार्ल्याची घरं आली, विमान जमिनीवरच. आरपीएमचा काटा ७००च्या आसपास अडकलेला. या इंजिनाला टेकऑफला २८०० हवेत.

त्या रात्री मी काय केलं ते इथे कबूल करते. पीएल जवळ आली होती आणि मला व्हिडिओ करून सगळ्यांना दाखवायचा होता.

पहिली थाप: खरं इंजिन २,५०० हॉर्सपॉवरचं. अठरा सिलिंडर, जवळजवळ ५५ लिटरचं. मी फाइलमध्ये ५,००० लिहिलं. थोडासा फरक पडला.

दुसरी थाप: लिफ्टचा पूर्ण तक्ताच वर सरकवला. १.४च्या जागी २.२. आता विमानाला ६० ऐवजी ४८ मीटर वेग पुरत होता. ते उडालं! कसंबसं, पण उडालं.

तिसरी थाप सगळ्यात वाईट. आरपीएमचा काटा मी चौपट करून दाखवला. ७००चे २८००. मनाशी म्हटलं, गेजचं ॲनिमेशनच चुकलं असणार.

व्हिडिओ झाला. टाळ्या मिळाल्या. मग मी उतरायचा प्रयत्न केला आणि विमान उतरेचना. धावपट्टीवरून तरंगत जायचं, खाली बसायचंच नाही. वर वेगात असलं की नाक खाली घालून चालायचं, जसं काही पडलेलं नाणं शोधतंय. का? तर लिफ्ट मी टेकऑफपुरती वाढवली होती, पण तक्ता सगळीकडे तोच लागतो. थाप एका जागी मारली की ती दुसऱ्या जागी उघडी पडते.

सरांचा एक प्रश्न

शेवटी लॅपटॉप घेऊन मी आमच्या आयसी इंजिन लॅबच्या सरांकडे गेले. थापांबद्दल बोलले नाही. म्हटलं, लँडिंगला प्रॉब्लेम आहे. सरांनी लँडिंगचं काहीच विचारलं नाही. चहाचा कप ठेवला आणि म्हणाले, “तुझ्या पंख्याच्या पात्याच्या टोकाचा वेग किती?”

मी तिथेच कागदावर काढला. इंजिन २८०० आरपीएम. मधे रिडक्शन गिअर आहे, त्याचा रेशो ०.४३७५. मॅन्युअलमध्ये हा आकडा पंख्याचा वेग भागिले इंजिनाचा वेग असा देतात. म्हणजे पंखा १२२५ आरपीएम आणि टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २९० मीटर. आवाजाच्या वेगाच्या खालीच. बरोबर वाटलं.

“आता तुझ्या फाइलमधून काढ.”

फाइलमध्ये गिअर रेशोसमोर मी ०.४३७५च लिहिलं होतं. पण जेएसबीसिमला तो रेशो उलटा लागतो, इंजिन भागिले पंखा. म्हणजे २.२९ लिहायला हवं होतं. माझ्या फाइलप्रमाणे इंजिन २८०० ला गेलं असतं तर पंखा ६४०० ला फिरला असता आणि पात्याचं टोक सेकंदाला १५०० मीटरच्या वर गेलं असतं. आवाजाच्या चौपटीहून जास्त! पंख्याला लागणारी पॉवर वेगाच्या तिसऱ्या घाताने वाढते. वेग सव्वापाच पट म्हणजे पॉवर १४० पट. बिचारं इंजिन ७०० वर गुदमरून बसलं होतं ते म्हणून. काटा खरं बोलत होता. मीच त्याला खोटं बोलायला लावलं.

मग मी तिन्ही थापा सांगून टाकल्या. सर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “जर्नलमध्ये पण असंच करता ना?”

याचं उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. व्हेंच्युरीमीटरचा कोएफिशंट ०.९८ यायला हवा, तर आधी ०.९८ लिहायचा आणि मग मागून रीडिंग बनवायची. मी सेकंड इयरला हेच केलं होतं. सबमिशनच्या रात्री, शेजारच्या रूममधलं जर्नल उशाला घेऊन.

हॉस्टेलवर येऊन मी तिन्ही थापा काढल्या. पॉवर परत २,५००, लिफ्टचा तक्ता परत जागेवर, काटा परत खरा. आणि एकच आकडा बदलला. थ्रॉटल पुढे केले. काटे चढत २८००ला गेले आणि विमान धावपट्टी शिल्लक असताना उचललं गेलं. उतरलंही. रात्रीचे अडीच वाजले होते, त्यामुळे टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं.

या सेमिस्टरला व्हेंच्युरीचं प्रॅक्टिकल रिपीट करायची परवानगी मी मागून घेतली. माझा कोएफिशंट आला ०.८३. ग्रुपमधले म्हणाले, “वेडी आहेस का, ०.९८ लिही!” मी तो तसाच ठेवला आणि शोधलं. मॅनोमीटरच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता. तो काढल्यावर ०.९६ आला. ०.९८ नाही आला, पण जो आला तो माझा आहे.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी

एक, रूपापासून सुरुवात करू नका. आधी एक साधं चौकोनी खोकं उडवा. आकडे बरोबर असतील तर खोकंही कॉन्स्टेलेशनसारखं उडतं.

दोन, प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून घेतला आणि त्याचं एकक काय ते लिहा. रेशो असेल तर कोण भागिले कोण तेही लिहा.

तीन, एका वेळी एकच आकडा बदला आणि लगेच उडवून बघा.

चार, ज्या आकड्याची खात्री दुसऱ्या रस्त्याने करता येते तो करून बघा. मला पात्याच्या टोकाने वाचवलं. पाच मिनिटांचं गणित होतं, मी दोन महिने केलं नाही.

परवाच्या रविवारी मुंबई ते कैरो हा पहिला टप्पा मी खऱ्या वेळेत उडवला. अंतर ४,३०० किलोमीटरहून थोडं जास्त, वेग ताशी ३०० मैलांच्या आसपास, म्हणजे साधारण नऊ तास. मेसच्या पोह्यांच्या आधी निघाले. खऱ्या विमानात इंजिनांवर लक्ष ठेवायला वेगळा फ्लाइट इंजिनिअर असायचा. माझ्याकडे नव्हता. दुपारी जेवायला जाताना रूममेटला म्हटलं, सिलिंडरचं तापमान वाढलं तर इथून काउल फ्लॅप्स थोडे उघड, बाकी कशाला हात लावू नकोस.

परत आले तर ती खुर्चीत पुढे सरकून बसली होती. “तीन नंबर तापतंय गं,” ती म्हणाली, “पण काटा खरा आहे ना?”

खरा होता.