दार म्हणजे काय?

दार म्हणजे काय, असे वर्गात विचारले तर मुले हसतील. परंतु इमारतींचे वर्णन करणारी संगणकाची आज्ञावली ज्यास रचावयाची आहे, त्यास हा प्रश्न टाळता येत नाही.

पूर्वी इमारतीचे वर्णन केवळ नकाशांनी होई. तळाचा नकाशा निराळा, दर्शनी बाजूचा निराळा. एका कागदावर खिडकी सरकविली की ती बाकीच्या कागदांवरही सरकवावी लागे. एखादा कागद राहून गेला तर गवंडी आणि सुतार यांचा मेळ बसत नसे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ साली असे मांडले की, संगणकात रेषा न साठविता इमारतच साठवावी : ही भिंत, हे दार, हे छत आणि त्यांचे परस्परसंबंध. नकाशे त्यातून हवे तेव्हा काढून घ्यावेत.

आता भिंत व दार यांचा संबंध कोणता? निरनिराळ्या आज्ञावल्यांना एकमेकींचे वर्णन वाचता यावे म्हणून आयएफसी नावाची परिभाषा सिद्ध झाली. २०१३ साली ती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यात दार भिंतीला थेट जोडत नाहीत. भिंतीत प्रथम पोकळी असते आणि दार ती पोकळी भरते. उगाच लांबण वाटते खरी. पण दार नसलेली कमान या रीतीनेच सांगता येते.

असे नियम गणिती तर्काच्या भाषेत लिहून, आज्ञावली रचण्यापूर्वीच पारखून पाहण्याच्या रीतीस आम्ही येथे आकारिक पद्धती म्हणू. भूमितीत आपण आकृतीवर न विसंबता सिद्धता मागतो, तसेच हे. एक उदाहरण घेऊ. आग लागली असता प्रत्येक खोलीतून बाहेर पडता यावे, हा हेतू. त्यासाठी नियम केला : 'प्रत्येक खोलीस निदान एक दार असावे.' वाचताना तो पुरेसा वाटतो. परंतु दोन खोल्या अशा कल्पाव्यात की, त्यांना एकच दार आहे आणि ते त्या दोहोंच्या मध्ये आहे. नियम पाळला गेला, आणि आतली माणसे कोंडली गेली!

अशी घातक रचना हुडकून काढणे हेच ॲलॉय या साधनाचे काम. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील डॅनियल जॅक्सन व त्यांचे सहकारी यांनी ते घडविले. तीन-चार खोल्या, तितकीच दारे, एवढ्या मर्यादेत संभवणाऱ्या साऱ्या रचना ते धुंडाळते. काही सापडले नाही, तर मोठ्या इमारतीतही दोष नाही असे सिद्ध होत नाही; मात्र बहुतेक चुका लहान उदाहरणातच उघड्या पडतात, असा जॅक्सन यांचा भरवसा आहे. दाराला कुलूप आहे की काय, हे अर्थातच ते सांगणार नाही.

मग नियम सुधारला : 'प्रत्येक खोलीपासून, दारामागून दार ओलांडीत, बाहेर जाणारी वाट असावी.' येथे आम्हांस गोव्यातील जुन्या घरांचे राजांगण आठवते. डोक्यावर आकाश, मध्ये तुळशीवृंदावन, आणि चहूंबाजूंनी घर. 'बाहेर' म्हणजे उघड्या आभाळाखाली असे लिहिले, तर राजांगणात पोहोचलेला मनुष्य संगणकाच्या लेखी सुटला. भोवती मात्र चारही सोपे पेटलेले! तेव्हा राजांगण ही छप्पर नसलेली खोली मानावी आणि 'बाहेर' म्हणजे जेथून दुसरे दार न ओलांडता रस्त्यावर जाता येते ती जागा, असे लिहावे लागते.