पूर ओसरल्यानंतरचा ताप : लेप्टोस्पायरोसिस

अहवालाच्या या पानांवर जमाखर्चाबरोबरच एखाद्या रोगाची ओळख करून देण्याची आमची प्रथा आहे. सावित्री-गांधारीच्या काठी राहणाऱ्यांना पुराचे पाणी परके नाही. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते व रोहण या गावांवर दरडी कोसळल्या, तेव्हा महाडही पाण्याखाली होते. २२ जुलै २०२१ रोजी पुन्हा तेच घडले आणि तळिये येथे दरड आली. दरडीत गेलेली माणसे सर्वांना दिसतात. घरातला चिखल उपसणाऱ्याला आठवड्या-दोन आठवड्यांनी येणारा ताप मात्र पुराच्या खात्यावर मांडला जात नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली होती.

आम्ही वाणिज्य शाखेचे; पुढील माहिती रुग्णालयातील डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतली आहे.

लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा पिळदार जिवाणू. तो इतका बारीक असतो की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. १९१५ च्या सुमारास जपानमधील इनाडा व इडो यांनी तो प्रथम ओळखला. त्याचे खरे घर म्हणजे उंदराचे मूत्रपिंड. तेथे तो मुक्काम करतो, उंदीर आजारी पडत नाही आणि जंतू मूत्रावाटे पाण्यात, चिखलात उतरत राहतात. मनुष्य हा त्याचा चुकून सापडलेला यजमान होय. पायाची भेग, खरचटलेली कातडी किंवा डोळ्या-तोंडाचे नाजूक अस्तर यांतून तो थेट रक्तात शिरतो.

येथे एक विलक्षण गोष्ट डॉक्टरांनी सांगितली. बहुतेक जंतूंच्या आवरणावरील विशिष्ट द्रव्य ओळखून शरीर तत्काळ सावध होते. लेप्टोस्पायराच्या आवरणावरील हे द्रव्य उंदराच्या पेशी ओळखतात, मानवी पेशींच्या पहिल्या पहारेकऱ्याला मात्र ते ओळखता येत नाही. त्यामुळे आरंभीचे काही दिवस जंतू रक्तातून निर्वेध फिरतो. ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत असह्य कळा, लाल डोळे ही या काळातील लक्षणे. पुढे सूक्ष्म रक्तवाहिन्यांची अस्तरे दुखावतात, यकृत बिघडून कावीळ होते, लघवी कमी होते. काहींच्या फुप्फुसांत रक्तस्राव होतो आणि मग हाती फारसा वेळ उरत नाही.

सर्वांत मोठा घोटाळा तपासणीच्या कागदामुळे होतो. रक्तातील प्रतिद्रव्ये साधारणतः पाच-सहा दिवसांनी दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी केलेली तपासणी ‘निगेटिव्ह’ आली म्हणून नातेवाईक निश्चिंत होतात व रुग्णाला घरी नेतात. काविळीचे डोळे पाहूनच परत आणतात. वास्तविक पेनिसिलिन, डॉक्सिसायक्लिन ही साधी, स्वस्त औषधे आरंभीच उत्तम काम करतात. उशीर झाल्यास डायलिसिस लागते. त्यातही समाधानाची बाब ही, की पुष्कळ रुग्णांची मूत्रपिंडे त्यानंतर पूर्ववत होतात. देणगीतून आलेल्या यंत्राचा असा उपयोग आम्हांस विशेष मोलाचा वाटतो.

म्हणूनच पावसाळ्यात केसपेपर काढताना आमच्या खिडकीवर एक प्रश्न विचारला जातो : गेल्या महिन्यात पुराच्या पाण्यात, चिखलात किंवा भाताच्या लावणीला उतरला होता काय? याचे उत्तर नातेवाइकांनी अवश्य द्यावे, कारण तापाने ग्लानीत असलेल्या माणसाला ते आठवतेच असे नाही.