नव्या भ्रमणध्वनीशी परिचय



घरात नवी वस्तू आली की तिची ओळख करून देण्याचे काम पूर्वी वडीलधाऱ्या माणसांकडे असे. शिवणयंत्र आले तर सुईत दोरा कसा ओवावा हे आई मुलीला दाखवी. रेडिओ आला तर काटा कोणत्या आकड्यावर आणावयाचा हे वडील सांगत. भ्रमणध्वनीने, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातील मोबाईलने, हा क्रम उलटा करून टाकला आहे. नवा फोन घरी आला की आजी-आजोबाच काय, आई-वडीलदेखील तो तुमच्या हाती देतात आणि म्हणतात, "एवढा सुरू करून दे रे!" तुम्ही तो घटकाभरात सुरू करून देताही. परंतु यंत्र सुरू करणे निराळे आणि त्याची ओळख करून घेणे निराळे. त्या क्षणी तुमच्या हाती नुसते एक यंत्र नसते. घरातील पैशाच्या पेटीची, पत्रव्यवहाराची आणि आठवणींची किल्ली तुमच्यावर विश्वास ठेवून दिलेली असते. म्हणून हे काम डोळसपणे कसे करावे, याचा थोडा अभ्यास आपण या लेखात करू या.

फोन बदलणे इतके अवघड का झाले?

हातात धरून बोलता येईल अशा भ्रमणध्वनीवरून पहिले संभाषण मार्टिन कूपर या अभियंत्याने ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्क येथे केले. भारतात हा मान ३१ जुलै १९९५ या दिवसाकडे जातो. त्या दिवशी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू हे कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवरून बोलले. त्या काळचा फोन बोलण्यापुरता होता. तो बदलावयाचा म्हणजे जुन्यातील सिम काढून नव्यात घालावयाचे, संपले काम! पुढे २००७ साली आयफोन आणि २००८ साली अँड्रॉइड प्रणालीवर चालणारा पहिला फोन बाजारात आला, आणि फोनमध्ये छायाचित्रे, पत्रे, नकाशे, तिकिटे, बँकेचा व्यवहार असे सारेच येऊन राहू लागले. तेव्हापासून फोन बदलणे हे टोपी बदलण्यासारखे उरले नाही. ते बिऱ्हाड बदलण्यासारखे झाले आहे. आणि बिऱ्हाड हलवताना सुज्ञ गृहिणी जे आधी करते तेच येथेही करावे लागते : कोणती वस्तू कोठे आहे, याची यादी.

कोणती वस्तू कोठे राहते?

फोनमधील सामान चार ठिकाणी राहते.

पहिले ठिकाण सिम. दूरध्वनी कंपनीला ग्राहकाची ओळख पटवून देणारी ही इवलीशी चकती. तुमचा क्रमांक हिच्याशी बांधलेला असतो. हिच्यावर काही नावे व क्रमांक मावतात, बहुधा अडीचशेच्या आसपास. छायाचित्रे किंवा संदेशांचे आवाज तिच्यावर राहत नाहीत. अलीकडे काही फोनांत ही चकती काढता-घालता येत नाही, ती यंत्रातच बसवलेली असते. अशा वेळी क्रमांक नव्या फोनवर नेण्यासाठी कंपनीच्या ठरलेल्या रीतीने जावे लागते.

दुसरे ठिकाण यंत्राची स्वतःची साठवण. काढलेली छायाचित्रे प्रथम येथे येतात. फोन पाण्यात पडला वा चोरीस गेला तर येथले सामान त्याच्याबरोबर जाते.

तिसरे ठिकाण खाते. गूगल किंवा ॲपल यांच्या दूरच्या कोठारात आपल्या नावाने मिळालेली ही खोली. फोन कोणताही असो, खात्याचे नाव व परवलीचा शब्द ठाऊक असला की ही खोली उघडते. गूगलच्या कोठारात विनामूल्य जागा १५ गिगाबाइट इतकी असते आणि तीत टपाल, छायाचित्रे व इतर कागद एकत्रच मोजले जातात. ती भरली की नव्या सामानाची प्रत तेथे पोहोचेनाशी होते. कित्येकांना हे नेमके फोन हरवल्यावर कळते.

चौथे ठिकाण माणसाची स्मरणशक्ती. खात्याचा परवलीचा शब्द आणि बँकेचा गुप्त अंक यांची जागा येथे. आजोबांच्या फोनमधील खाते कोणी तरी दुकानात बसून उघडून दिलेले असते आणि त्याचा परवलीचा शब्द आजोबांना कधी सांगितलेलाच नसतो, असे पुष्कळ घरांत आढळते. जुना फोन हाती आहे तोवरच हा शब्द बदलून घ्यावा.

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. व्हॉट्सॲपवरील संदेश हे सिमवर नसतात. नव्या फोनवर जुना क्रमांक नोंदवला म्हणजे जुने संदेश आपोआप येत नाहीत. त्यांची प्रत आधी काढून ठेवावी लागते आणि ती ज्या खात्यात ठेवली असेल तेच खाते नव्या फोनमध्ये उघडावे लागते. अँड्रॉइडवरून आयफोनवर, किंवा उलट, जावयाचे असेल तर दोन्ही फोन जवळ ठेवून करण्याची निराळी रीत आहे. आपल्या गोव्यात अनेक घरांतील कर्ती माणसे जहाजांवर तारवटी म्हणून किंवा आखातात कामाला आहेत. मुलाने समुद्रावरून पाठवलेले चार शब्द आई पुन्हा पुन्हा ऐकते. दिवंगत आजीचा आवाज एखाद्या घरात केवळ अशा एका संदेशातच उरलेला असतो. नातवाच्या घाईमुळे तो पुसला गेला, तर कोणत्याही दुकानात तो विकत मिळत नाही.

बिऱ्हाड हलवण्याचा क्रम

प्रथम जुन्या फोनमधील नावे, छायाचित्रे व संदेश यांची प्रत खात्यात किंवा घरच्या संगणकावर काढावी. नंतर दोन्ही फोनांच्या विजेऱ्या भरून, घरातील वायफाय असल्यास त्यावर, नवा फोन सुरू करावा. तो स्वतःच जुन्या फोनमधील सामान आणावयाचे काय, असे विचारतो. तेव्हा घाईने 'नको' म्हणू नये. सामान आले की मोजणी करावी : नावे तितकीच आहेत का? पाच वर्षांपूर्वीच्या चतुर्थीची छायाचित्रे दिसतात का? आजीचा संदेश वाजतो का? एवढे पाहिल्यावरही जुना फोन निदान पंधरा दिवस तसाच राहू द्यावा. नव्या घरात चूल पेटण्यापूर्वी जुन्या घराची किल्ली कोणी परत करीत नाही.

पैशाच्या व्यवहाराला अधिक सावधपणा हवा. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीत बँकेकडे नोंदलेला क्रमांक आणि हातातील फोन यांची गाठ घातलेली असते. म्हणून नव्या फोनमधून, त्याच सिमवरून, एक संदेश पाठवून ओळख पुन्हा पटवावी लागते. सिमवर संदेश पाठवण्यापुरते पैसे नसतील तर काम अडते. ओळख पटल्यावरही पहिला दिवसभर रकमेवर मर्यादा असू शकते. तेव्हा प्रवासाच्या किंवा रुग्णालयात जाण्याच्या आदल्या दिवशी फोन बदलू नये. गुप्त अंक आजोबांनी स्वतः घालावा आणि तुम्ही तेवढा वेळ मान दुसरीकडे वळवावी. पैसे घेण्यासाठी हा अंक कधीच लागत नाही, फक्त देण्यासाठी लागतो, हे एक वाक्य घरातील प्रत्येकाला पाठ असले पाहिजे. फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

यंत्राचा स्वभाव

सामान लागल्यावर यंत्राशी खरी ओळख सुरू होते. प्रत्येक ॲप आरंभी काही अनुमती मागते. नकाशाने तुमचे ठिकाण विचारणे रास्तच. परंतु विजेरीचा दिवा लावून देणारे ॲप तुमच्या नातेवाइकांची नावे कशासाठी मागते? दारी आलेल्या पाहुण्याने पाणी मागावे, कपाटाच्या किल्ल्या मागू नयेत. दिलेली अनुमती 'सेटिंग्ज'मध्ये जाऊन परतही घेता येते.

फोनची विजेरी लिथियम-आयन जातीची. ही जात घडविणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. हिचा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. वैशाखातील उन्हात मोटारीच्या काचेमागे ठेवलेला किंवा विजेची तार जोडून उशीखाली सारलेला फोन लवकर म्हातारा होतो. आपल्या पावसाळ्यात भिजलेला फोन तारेला जोडू नये. तो बंद करून, पुसून, वाऱ्यावर सुकू द्यावा. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याच्या प्रचलित उपायाने फोनच्या छिद्रांत कण्या व धूळ मात्र जाते.

भाषेकडेही पाहावे. नवा फोन बहुधा इंग्रजीत बोलत येतो, म्हणून तो इंग्रजीचाच असतो असे नव्हे. घरी कोंकणी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या आपणां मंडळींना देवनागरी कळफलक हवाच, आणि तो मराठीचा निवडावा. हिंदीचा कळफलक घेतला तर तो आपले शब्द न ओळखता हिंदी शब्द सुचवू लागतो. संगणकांच्या सामाईक लिपिसंकेतात, म्हणजे युनिकोडमध्ये, देवनागरीला १९९१ पासून स्थान आहे. 'ॲप' या शब्दातील 'ॲ' हे अक्षर मात्र त्यात २००८ साली दाखल झाले. आजीच्या फोनवरील अक्षरे मोठी करा, भाषा मराठी करा. मग ज्या फोनला ती 'तुमचा' म्हणत होती त्याला 'माझा' म्हणू लागेल.

जुन्याचा निरोप

पंधरा दिवस सुरळीत गेले की जुना फोन रिकामा करावा. आधी त्यातील खाते काढावे, सिम व स्मृतिपत्र काढून घ्यावे, आणि मगच 'फॅक्टरी रीसेट' ही आज्ञा द्यावी. खाते न काढता फोन दुसऱ्यास दिला, तर नव्या मालकाला जुन्याच मालकाचा परवलीचा शब्द विचारला जातो. फोन निकामी असेल तर तो घरच्या कचऱ्यात टाकू नये. दाबली वा भोसकली गेलेली विजेरी पेट घेते. ई-कचऱ्यासंबंधी नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार काम करणाऱ्या संकलकाकडेच तो द्यावा.

मित्रहो, एवढे सगळे करून तुम्ही फोन आजीच्या हाती दिलात, तर काम अर्धेच झाले. उरलेले अर्धे म्हणजे तिला शिकवणे. तिच्या हातून फोन ओढून "थांब, मीच करतो" म्हणणे सोपे. तिचे बोट योग्य जागी येईपर्यंत शेजारी बसून राहणे अवघड. पण ज्याने तुम्हांला 'श्री' गिरवायला शिकवले, त्या हाताने तुमच्यापाशी कधी घाई केली नव्हती. किल्ली विश्वासाने हाती आली होती. ती ज्याची त्याला, वापरण्याच्या ज्ञानासह, परत करावी, यातच तुमच्या शिक्षणाची शोभा आहे.

स्वाध्याय

१. घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीजवळ बसून, त्यांच्या संमतीने, त्यांच्या फोनमधील वस्तू वरील चारपैकी कोणत्या ठिकाणी आहेत याची यादी करा. परवलीचे शब्द व गुप्त अंक यादीत लिहू नका.

२. फोनवर *#०६# ही कळ दाबली की त्याचा पंधरा अंकी जन्मक्रमांक दिसतो. तो वहीत टिपून ठेवा. फोन हरवल्यास दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' या सेवेद्वारे तो फोन बंद करविता येतो, त्या वेळी हा क्रमांक लागतो.

३. या क्रमांकाचा शेवटचा अंक पडताळ्याचा असतो. पहिल्या चौदा अंकांपैकी दुसरा, चौथा, सहावा असे समस्थानचे अंक दुप्पट करा. दुप्पट दोन अंकी आली तर तिच्या अंकांची बेरीज घ्या. मग सर्व चौदा स्थानांची बेरीज करा. ती दहाच्या पटीत येण्यास जेवढे कमी पडते, तोच पंधरावा अंक. ४९०१५४२०३२३७५१ यावर करून पाहा. बेरीज ५२ आणि पडताळ्याचा अंक ८ आला पाहिजे. नंतर आपल्या घरातील फोनचा क्रमांक ताडून पाहा.