भीमा: नांव एक, धनी अनेक



आमच्या जुन्नर-आंबेगांवाकडील एखाद्या वस्तींत उभें राहून कोणीं 'भीमा' अशी हांक मारिली, तर ओ कोण देईल याचा नेम नाहीं. पारावर बसलेला म्हातारा मान वळवील, चुलीपुढील आजी बाहेर येईल, आणि शाळेंतून परतणारें एखादें पोरही थबकेल. पश्चिमेकडील डोंगर भीमाशंकराचा, आणि त्या डोंगरांत उगम पावणारी नदी तीही भीमाच. एकाच नांवाचे इतके धनी कसे झाले, तें कोणाकडून कोणाकडे गेलें, आणि त्यापासून आपण काय शिकावें, हें या पाठांत पाहूं. उपदेशकांनीं हा पाठ सायंकाळच्या वर्गांत वाचून शेवटचे प्रश्न विचारावे.

१. नांवाचा अर्थ

'भीम' हा शब्द संस्कृतांतील 'भी', म्हणजे भिणें, या धातूपासून झाला आहे. ज्यास पाहून भय वाटतें तो भीम. आपले 'भीति' व 'भित्रा' हे शब्द त्याच कुळांतील आहेत. महाभारतांतील दुसरा पांडव भीमसेन सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच ग्रंथांत दमयंतीचा पिता, विदर्भाचा राजा, त्याचेंही नांव भीमच आहे. शंकराच्या आठ प्राचीन नांवांत भीम हें एक आहे. शिवपुराणांत भीम नांवाचा राक्षसही आहे. तो कुंभकर्णाचा पुत्र, आणि शंकरानें त्याचा वध केल्यावरून भीमाशंकर हें नांव पडलें असें तेथें सांगितलें आहे. म्हणजे मारणारा भीम आणि मरणाराही भीम! यावरून पहिली गोष्ट लक्षांत घ्यावी कीं, नांव स्वतः चांगलें किंवा वाईट नसतें. तें धारण करणारा त्यास चांगलें किंवा वाईट करितो.

२. नदी आणि तिचा मुलूख

भीमा नदी भीमाशंकराच्या रानांत उगम पावून खेड, दौंड, पंढरपूर अशी वाहत कर्नाटकांत शिरते, आणि सुमारें ८६० किलोमीटर चालून रायचुराजवळ कृष्णेस मिळते. भामा, इंद्रायणी, मुळामुठा, घोड, नीरा आणि सीना या नद्या तिला येऊन मिळतात. आपल्याकडील लोक सांगतात कीं, त्रिपुरासुराशीं लढून शंकर श्रमला, त्याच्या अंगाचा घाम वाहिला, आणि त्या घामाची ही नदी झाली. पंढरपुरास ती चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तेथें तिला चंद्रभागा म्हणतात. तिच्या तीरांवरील मुलखास भीमथडी म्हणत; थडी म्हणजे कांठ. त्या मुलखांतील काटक घोड्यांस भीमथडी तट्टू हें नांव पडलें. अशा रीतीनें नदीचें नांव मुलखास, आणि मुलखाचें जनावरास मिळालें.

भीमाशंकर हें नांवही एकट्या आमच्या डोंगराचें नाहीं. आसामांत गुवाहाटीजवळ त्याच नांवाचें देवस्थान आहे, आणि खरें ज्योतिर्लिंग आपलेंच असें तेथील लोक म्हणतात. २०२३ सालीं आसाम सरकारनें तशी जाहिरात दिली तेव्हां महाराष्ट्रांत मोठा वाद झाला. नांवाचा मान दुसऱ्याकडे जातो असें दिसलें म्हणजे माणसें किती अस्वस्थ होतात, हें त्यावरून कळतें.

३. भीमाचा भिवा कसा झाला

कित्येक शिकलेले लोक 'भिवा' या नांवास हंसतात. तें अडाण्याचें बोबडें बोलणें होय असें त्यांस वाटतें. तें खरें नव्हे. संस्कृत 'नाम' याचें मराठींत 'नांव' झालें, 'ग्राम' याचें 'गांव' झालें, 'आमलक' याचा 'आवळा' आणि 'कोमल' याचें 'कोवळें' झालें. शब्दाच्या आंत आलेल्या म चा व होणें ही आपल्या भाषेची फार जुनी रीत आहे. त्याच रीतीनें भीमाचा भिवा झाला, आणि संतांच्या अभंगांत भीमा नदीस भिवरा म्हटलें आहे. जो मनुष्य स्वतः 'नांव' आणि 'गांव' म्हणतो, त्यानें 'भिवा' यास अशुद्ध म्हणूं नये.

७ नोव्हेंबर १९०० रोजीं साताऱ्याच्या सरकारी शाळेंत एका मुलाचें नांव 'भिवा रामजी आंबेडकर' असें नोंदविलें गेलें. तोच भिवा पुढें डॉक्टर भीमराव आंबेडकर म्हणून सर्व जगास माहीत झाला, आणि महाराष्ट्रांत २०१७ पासून तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळितात.

४. स्थळापासून मनुष्याकडे, मनुष्यापासून स्थळाकडे

डॉक्टर आंबेडकरांच्या घराण्यांत नांवें कशीं फिरलीं तें पाहण्यासारखें आहे. त्यांचें मूळ गांव रत्नागिरी जिल्ह्यांतील आंबडवें. त्यावरून आडनांव आंबडवेकर, आणि त्याचें पुढें आंबेडकर झालें. त्यांच्या आईचें नांव भीमाबाई. तिचें माहेरचें आडनांव मुरबाडकर. मुरबाड तालुका आमच्या सह्याद्रीच्या कड्यांखालीं, कोंकणाच्या बाजूस आहे. पुत्राचा जन्म १८९१ सालीं मध्य भारतांतील महू येथें झाला, आणि त्या महूस २००३ सालीं डॉक्टर आंबेडकर नगर हें नांव दिलें गेलें. गांवाचें नांव माणसानें घेतलें, आणि माणसाचें नांव दुसऱ्या गांवानें घेतलें.

आमच्या जवळचें खेडही आतां राजगुरुनगर झालें आहे. २३ मार्च १९३१ रोजीं फांशी गेलेले शिवराम हरि राजगुरु तेथील होत. याच्या उलट शिवनेरीची गोष्ट. तो किल्ला शिवाजी महाराजांच्या नांवावरून ओळखला जातो असें पुष्कळांस वाटतें. परंतु किल्ल्याचें नांव महाराजांहून जुनें आहे, आणि तेथील शिवाई देवीवरून १६३० सालीं जन्मलेल्या बाळाचें नांव ठेविलें अशी परंपरा आहे. म्हणून कोणतें नांव आधीं व कोणतें मागून, हें पाहिल्यावांचून बोलूं नये.

कधीं कधीं स्थळ जातें आणि नांव मात्र राहतें. जुनें आंबेगांव डिंभे धरणाच्या पाण्यांत बुडालें, आणि तालुक्याची कचेरी घोडेगांवीं आहे. तरी तालुका आंबेगांवच म्हणवितो. ज्या घरांवर पाणी आलें त्या घरांची आठवण आज त्या नांवांतच उरली आहे.

५. सारख्या नांवांचा घोटाळा

सारखीं किंवा सारखीं वाटणारीं नांवें वाचकास फसवितात. भामा आणि भीमा या दोन वेगळ्या नद्या आहेत. आंबेगांव आणि आंबडवें यांचा कांहीं संबंध नाहीं. कोरेगांव नांवाचीं गांवें अनेक आहेत, म्हणून नदीवरच्या गांवास 'कोरेगांव भीमा' म्हणावें लागतें. पवित्र शास्त्र वाचतांनाही हेंच ध्यान ठेवावें. सुरियांतील अंत्युखिया वेगळें, पिसिदियांतील वेगळें. समुद्रतीरचें कैसरिया वेगळें, फिलिप्पाचें वेगळें. माणसाचें नांव गांवास गेल्याचीं उदाहरणेंही तेथें आहेत: शेमेराच्या नांवावरून शोमरोन झालें, आणि लईश नगराचें नांव दान पडलें. वेल्स देशांत, जेथून टॉमस जोन्स हा मिशनरी १८४१ सालीं खासी टेकड्यांत आला, जोन्स आडनांवाचे लोक इतके आहेत कीं, खेड्यांत नांवास धंदा जोडून 'दूधवाला जोन्स' अशी ओळख सांगण्याची चाल पडली. आपणही गणू न्हावी आणि गणू शिंपी म्हणतों तें याच कारणानें.

६. हांक मारण्याची रीत

आतां या पाठांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खेड्यांत एकाच नांवाच्या तीन हांका असत. वाड्यांतला मुलगा दहा वर्षांचा असला तरी भीमराव. बरोबरीचा गडी भिवा. आणि गांवकुसाबाहेरचा मनुष्य साठ वर्षांचा झाला तरी भिव्या. नांव तेंच, परंतु त्याच्या शेपटावरून मनुष्याची किंमत ठरविली जाई. ही चाल अजून पुरती मेली नाहीं. माणसाप्रमाणें वस्तीचेंही तसेंच. तेथें राहणाऱ्यांच्या जातीचें नांव वस्तीस चिकटविलें जाई, आणि पत्ता सांगतांना जात आपोआप उघडी पडे.

म्हणून हीच माणसें चांगल्या नांवासाठीं झगडलीं यांत नवल नाहीं. १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांवास भीमेच्या तीरीं लढाई झाली. तेथील स्तंभावर त्या लढाईंत पडलेल्या २२ महार शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉक्टर आंबेडकर तेथें गेले, आणि तेव्हांपासून लोक तीं नांवें पाहण्यास जातात. पुढें २७ जुलै १९७८ रोजीं विधिमंडळानें मराठवाडा विद्यापीठास त्यांचें नांव देण्याचा ठराव केला, तेव्हां दंगे झाले, दलितांचीं घरें जळालीं, माणसें मेलीं. आणि १४ जानेवारी १९९४ रोजीं तें नांव विद्यापीठाच्या नांवांत मिळविलें गेलें. एका नांवासाठीं सोळा वर्षें! डिसेंबर २०२० मध्यें महाराष्ट्र शासनानें वस्त्यांचीं जातिवाचक नांवें काढून टाकण्याचें ठरविलें, आणि त्यांच्या जागीं समता नगर, भीम नगर, ज्योती नगर अशीं नांवें सुचविलीं. ज्या शब्दाचा अर्थ 'भयंकर' असा होता, तोच आज 'जय भीम' या अभिवादनांत लाखों लोक एकमेकांस प्रेमानें देतात. शब्द बदलला नाहीं. धारण करणाऱ्यानें त्यांत नवा अर्थ भरला.

७. मंडळीकरितां बोध

बाप्तिस्म्याच्या वेळीं आम्हांस वारंवार विचारितात कीं, भीमा हें नांव ठेवावें कीं टाकावें? शिमोनाचा पेत्र झाला हें खरें. तरी रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १६ व्या अध्यायांत फीबी आणि हर्मेस हीं नांवें पाहा; दोन्ही ग्रीक लोकांच्या देवतांचीं आहेत. अपुल्लोस हें नांवही अपोलो देवावरून झालें. या बंधुभगिनींस आपलीं नांवें टाकावीं लागलीं नाहींत. आमचे कवि नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला, आणि ते शेवटपर्यंत नारायणच राहिले. ज्यास नवें नांव आवडेल त्यानें आनंदानें घ्यावें. परंतु जुन्या नांवाची लाज वाटून किंवा कोणाच्या दडपणाखालीं घेऊं नये.

मात्र एक गोष्ट प्रत्येक उपदेशकानें आजपासून करावी. मंडळीच्या वहींत कोणाचेंही नांव 'भिव्या', 'धोंड्या', 'कचऱ्या' असें लिहूं नये. प्रत्येकास त्याचें पूर्ण नांव विचारावें, बापाचें व आडनांव विचारावें, आणि त्याच्यासमक्ष लिहून त्यास वाचून दाखवावें. रविवारीं हजेरी घेतांना त्याच नांवानें बोलवावें. वडील माणसास राव, बाई, आजी, बाबा असें म्हणावें. हें काम लहान दिसतें, परंतु ज्यास जन्मभर अर्ध्या नांवानें हांक मारिली गेली, त्यास तें लहान वाटणार नाहीं.

वर्गांत विचारण्याचे प्रश्न

१. 'नाम' याचें 'नांव' झालें, त्या रीतीनें झालेले आणखी तीन शब्द सांगा.
२. तुमच्या गांवाचें नांव कशावरून पडलें? गांवांतील वडील माणसांस विचारून या.
३. तुमच्या वस्तीस लोक काय म्हणतात? तें नांव तेथें राहणाऱ्यांनीं घेतलें, कीं दुसऱ्यांनीं दिलें?
४. मंडळींत असा कोण आहे, ज्याचें पूर्ण नांव तुम्हांस अजून ठाऊक नाहीं?