डोंगरउतारावर सौरपंप : आधी विहीर मोजावी

पोशेरा आणि एकूणच मोखाडा-जव्हारच्या डोंगरपट्ट्यात पावसाळ्यात पाणी धो धो वाहून जाते आणि मार्चनंतर विहिरी तळ गाठू लागतात. ऊन मात्र त्याच दिवसांत भरपूर. या उन्हावर पंप चालवून मोगरा, भाजीपाला जगवता येईल का, असे अनेक शेतकरी बंधू विचारतात.

२०३० पर्यंत बिगर-जीवाश्म इंधनावरील वीज क्षमता ५०० गिगावॉट करण्याचे उद्दिष्ट भारताने २०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत जाहीर केले. त्याआधी, २०१९ मध्ये, पीएम-कुसुम योजनेने हे धोरण शेताच्या बांधापर्यंत आणले होते. शेतकऱ्यापुढे यातून दोन वाटा येतात. एक, जमीन सौर प्रकल्पाला भाड्याने देणे. दुसरी, स्वतःच्या शेतावर सौरपंप बसविणे.

पहिल्या वाटेचा आकडा मोहात पाडणारा आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये (२०२३) हेक्टरी वर्षाला किमान १,२५,००० रुपये भाडे व दरवर्षी ३ टक्के वाढ ठरविण्यात आली. परंतु प्रकल्पाला वीज उपकेंद्राजवळची, सपाट, सलग जमीन लागते. नाचणी-वरईच्या वरकस उतारावर ती क्वचितच मिळते. शिवाय आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे भाडेपट्ट्याने द्यायची, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ आड येते. तेव्हा कोणी कागद घेऊन दारी आल्यास आधी तहसील कार्यालयात विचारावे. कोऱ्या कागदावर सही वा अंगठा देऊ नये.

आपल्या भागाला दुसरी वाट अधिक जवळची. 'मागेल त्याला सौर कृषीपंप' योजनेत (२०२४) शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के ठेवण्यात आला. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ अश्वशक्तीचा पंप, अशी विभागणी आहे. खात्रीचा जलस्रोत असणे व शेतीपंपाची वीजजोडणी नसणे या त्यातील मुख्य अटी.

फसगत होते ती इथेच. पंपाची अश्वशक्ती क्षेत्रावरून ठरते, पण पाणी देणार विहिरीचा झरा. तो असा मोजावा. एप्रिलमध्ये संध्याकाळी इंजिन लावून विहीर उपसावी आणि पाण्याची पातळी दोराने मोजून ठेवावी. सकाळी पुन्हा मोजावे. समजा, विहिरीचा व्यास ५ मीटर आहे आणि रात्रीतून पाणी १ मीटर चढले. ५ × ५ × ०.७८५ म्हणजे सुमारे १९.६ घनमीटर, अर्थात १९,६०० लिटर पाणी साठले. एवढे पाणी ३ अश्वशक्तीचा पंपही चांगल्या उन्हात दुपारच्या आत उपसून टाकील. तिथे मोठ्या पंपाचा हट्ट धरण्यात काय हशील?

दुसरे माप उंचीचे. विहिरीतील पाणी ८ मीटर खोल आणि शेत काठापासून २२ मीटर वर असेल, तर उचल ३० मीटर झाली. नळीतील घर्षण वेगळे. उचल दुप्पट झाली की तेवढ्याच उन्हात पाणी साधारण निम्मे मिळते. पुरवठादाराला उचलीचा आकडा लेखी द्यावा आणि त्या उचलीला पंप दिवसाला किती लिटर पाणी देईल ते लिहून घ्यावे.

उताराचा फायदाही आहे. शेताच्या माथ्यावर टाकी बांधून दिवसा ती भरावी, तेथून उताराने ठिबकला पाणी सोडावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओहोळावर वनराई बंधारा घातल्यास विहिरीचा झरा अधिक दिवस टिकतो. पंपाच्या अर्जाबरोबरच रिकाम्या पोत्यांचीही जमवाजमव करावी.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, सुमारे २० अंश कलते बसवावे. सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळेत डोंगराची किंवा झाडाची सावली पडते का, हे जागा ठरविण्यापूर्वी थंडीत पाहावे, कारण तेव्हा सावल्या लांब असतात. वादळी वाऱ्यासाठी पाया पक्का हवा. धूळ सकाळी, काच थंड असताना पाण्याने धुवावी. योजनेत पाच वर्षांची दुरुस्ती व विमा असतो. त्याचे कागद आणि पुरवठादाराचा दूरध्वनी क्रमांक पंपाच्या पेटीत न ठेवता घरी ठेवावा. हिश्श्याची रक्कम फक्त महावितरणच्या अधिकृत व्यवस्थेतून भरावी व पावती घ्यावी.